गिरणी, गोदाम आणि बर्फाचा कारखाना

१ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाकाठी जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस मिल’ हे नाव तिला तेव्हापासून चिकटले. सुरुवातीला तिच्यात सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग होते. कापूस दाराशी होता, रेल्वे १८६७ पासून हाताशी होती. अडचण होती ती हवेची. मुंबईच्या दमट हवेत सूत सहज वळते. नागपूरच्या उन्हाळ्यात ते कोरडे पडून पटपट तुटते. म्हणून एम्प्रेसमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रणा बसवली गेली. कापसाच्या पुंजक्याला ठिणगी पुरते, तेव्हा आगीवर आपोआप पाणी फवारणारे नळही आले. म्हणजे या गिरणीचा अंतर्भाग धाग्याच्या सोयीने घडला, माणसाच्या सोयीचा विचार नंतर.

सव्वाशे वर्षांनी, २००२ मध्ये, ही गिरणी कायमची थंडावली. जागेच्या एका भागावर पुढे ‘एम्प्रेस सिटी’ मॉल उभा राहिला. नाव राहिले, खाती गेली. रिकाम्या व्यापारी वास्तूचे काय करायचे, या प्रश्नाचे महाराष्ट्रातले नेहमीचे उत्तर हेच आहे: पाडा आणि नवे बांधा. जी थोडी अपवादात्मक उदाहरणे आहेत, त्यांतली ठळक मुंबईच्या दक्षिण टोकाला सापडतात.

तिथे जुन्या वास्तूच्या नव्या वापराची पहिली पायरी कलेने नव्हे, कॅमेऱ्याने चढली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या कापड धंद्याची घसरण थांबली नाही. समुद्राला खेटून असलेली कुलाब्याची मुकेश मिल त्याच दशकात आगीनंतर बंद पडली. तिच्या काजळलेल्या भिंती आणि छप्पर उडालेली दालने चित्रपटवाल्यांना आयता सेट वाटली. ‘हम’ (१९९१) या चित्रपटातले गाजलेले गाणे इथलेच. जागेची पडझडच भाड्याने देता येते, हे इथे कळले.

कला आत शिरली ती ससून डॉकच्या गोदामात. अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेला हा धक्का कापसाच्या व्यापारासाठी होता. पुढे तो मासळीचा झाला. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेने इथल्या जुन्या गोदामात देशी-परदेशी चित्रकारांना बोलावून प्रदर्शन भरवले. धक्क्यावर वावरणाऱ्या लोकांची मोठाली छायाचित्रे भिंतींवर चिकटवली होती. बाहेर मासळीचा बाजार नेहमीसारखाच चालू होता, त्यामुळे प्रेक्षकाला चित्रांपर्यंत पोचायला बोंबील-कोळंबीच्या वासातूनच जावे लागे. चकचकीत दालनाला असला प्रवेशमार्ग कोणत्याही पैशात मिळाला नसता.

बॅलार्ड इस्टेटमधल्या बर्फाच्या कारखान्याची गोष्ट निराळी आहे. मुंबईला बर्फ १८३४ च्या सुमारास अमेरिकेतून येऊ लागला. बॉस्टनकडची गोठलेली तळी कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून तो जहाजाने यायचा. यंत्राचा बर्फ आल्यावर हा धंदा बसला. कारखान्यातली रीत अशी: मोठ्या हौदात मिठाचे पाणी अमोनियाच्या यंत्राने शून्याखाली थंड करायचे. खारे असल्यामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे सोडले, की काही तासांनी आतल्या पाण्याची लादी होते. मग डबा यारीने उचलून साध्या पाण्यात बुचकळायचा. कडा सुटतात आणि लादी घसरत बाहेर येते. या कामाला मोकळी जमीन लागते, यारी फिरेल एवढी उंची लागते आणि उष्णता आत येऊ न देणाऱ्या भिंती लागतात. कलादालनालाही नेमके हेच हवे असते.

बॅलार्ड इस्टेटचा असा एक बंद पडलेला कारखाना मलिक आर्किटेक्चर या वास्तुरचनाकार कार्यालयाने पालटला आणि २०२२ मध्ये तो ‘आयएफ.बीई’ या नावाने खुला झाला. प्रदर्शने, व्याख्याने, मैफली आणि वडाच्या झाडाभोवतीचे उपाहारगृह असा त्याचा आजचा संसार आहे. लंडनमध्ये १९८१ साली बंद झालेल्या बँकसाइड वीजकेंद्रात २००० मध्ये ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय आले, केरळात कोचीच्या ॲस्पिनवॉल या जुन्या व्यापारी वखारीत २०१२ पासून कलेचे बिनाले भरते. त्याच कुळातले हे.

अशा रूपांतरात खरे काम दिसत नाही ते असते: गर्दी बाहेर काढणारे जादा दरवाजे, जिन्यांची रुंदी, वायरिंग, जमीन किती वजन पेलेल याची तपासणी. यंत्रासाठी घातलेली जमीन मजबूत असते, पण यंत्राभोवती दहा माणसे वावरत, इथे एका संध्याकाळी कित्येक शे येतात. रंगाचा खर्च मात्र वाचतो, कारण गंजाचे ओघळ आणि उघडी वीट मुद्दाम तशीच ठेवतात.