माडावरचा दोर

माडाला फांदी नसते. पालघरपासून सुरतेपर्यंतच्या किनाऱ्यावर झाडावर चढण्याची जी साधने घडली, त्यांचे सारे वळण या एका गोष्टीने ठरवले आहे. आंब्यावर किंवा वडावर जाड फांदी हेरून तिच्यावरून दोर टाकता येतो. माड, ताड आणि शिंदी यांना मात्र जमिनीपासून शेंड्यापर्यंत नुसते खोड, आणि शेंड्यातल्या झावळीच्या देठावर माणसाचा भार टाकण्यात शहाणपण नाही. त्यामुळे दोर घालायचा तो खोडालाच.

जुनी पद्धत दोन दोरांची. पायातला आखूड फास दोन्ही पावले जवळ बांधून ठेवतो, म्हणजे तळवे खोडाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात आणि भार पडला की पकड सैल न होता वाढते. दुसरा दोर कमरेमागून निघून खोडाला वळसा घालतो. शिंदी छेदणारा या दोरावर पाठ टेकून मागे रेलतो, त्यामुळे दोन्ही हात कोयती आणि मडक्यासाठी मोकळे राहतात. वर सरकताना तो क्षणभर खोडाकडे झुकतो, दोर ढिला पडतो, हाताच्या झटक्याने तो वितभर वर जातो आणि माणूस पुन्हा रेलला की दोर जागच्या जागी बसतो. या रचनेत ब्रेक लावणारा आणि सोडणारा सुटा भाग नाही. ते काम शरीर करते. पाय घसरला तर शरीराबरोबर ब्रेकही जातो, हा तिचा खरा दोष.

कोकणातल्या आगरांत माडाला खाचा पाडण्याचीही रीत होती. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याला पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, छेदण्यासाठी एकाच झाडावर दिवसातून दोन-तीनदा जावे लागे, तेव्हा खाचांची शिडी सोयीची ठरे. पण माडाचे खोड आंब्यासारखे नवी साल धरत नाही. एकदा पाडलेली खाच भरून येत नाही, तिच्यात पावसाचे पाणी साठते आणि सोंड्या भुंग्याला वाट मिळते. माणसाची सोय झाडाच्या आयुष्यातून वजा होत होती.

माडी-ताडी काढण्याचा हा धंदा खचला तो अवघड चढणीमुळे नव्हे, कायद्यांमुळे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाड छेदण्यावर परवाना आणि झाडागणिक कराचा बोजा वाढत गेला आणि अलिबाग-ठाण्याकडच्या भंडाऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला. 1922 च्या अखेरीस देवीची चळवळ दक्षिण गुजरातभर पसरली. तिचा माग पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांपर्यंत जातो. सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांनी देवीच्या आज्ञेने दारू-ताडी सोडली आणि पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलासुरला व्यवहार नीरेच्या परवान्यांपुरता आणला. सुरतेच्या दक्षिणेची बमरोलीसारखी गावे आता शहरात मिसळली आहेत. त्या भागात हिवाळ्यातली नीरा अजून विकली जाते, ती कोणीतरी झाडावर चढतो म्हणूनच.

दरम्यान युरोपात दोराचा ब्रेक शरीराबाहेर काढण्याचे काम गिर्यारोहकांनी चालवले होते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये एक गाठ मांडली. बारीक दोराचे वेढे जाड दोराभोवती घातले की ते रिकामे असताना सरकतात आणि भार पडताच आवळतात. 1958 च्या स्विस ‘जुमार’मध्ये हेच काम दातेरी खटक्याने केले. पुढे फांदीवरून टाकलेल्या दोरावर काम करणाऱ्या वृक्षतज्ज्ञांसाठी ‘झिगझॅग’सारखी साधने निघाली, त्यातल्या एकात एक अडकवलेल्या धातूच्या कड्या प्रुसिकच्या वेढ्यांचीच नक्कल करतात आणि वरची दांडी दाबली की सैल होतात. मात्र या सगळ्यांना वर कुठेतरी दोर आधी अडकवलेला लागतो. माडाच्या बागेत नेमके तेच जमत नाही.

उत्तर आले ते केरळमधून. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी घडवलेल्या यंत्राचे दोन सुटे भाग असतात, एकेका पायासाठी एकेक. प्रत्येकात लोखंडी सांगाडा, पावलासाठी पायटा आणि खोडाभोवती जाणारा तारेच्या दोराचा वेढा. पायट्यावर भार टाकला की वेढा तिरका ओढला जाऊन खोडाला आवळतो. पाय उचलला की ढिला होतो आणि हाताने वर सरकवता येतो. डावा आवळलेला असताना उजवा सरकतो, मग उलट. खोडाच्या घेराप्रमाणे वेढ्याची लांबी आधी बेतावी लागते. पूर्वी कमरेच्या दोराला मागे रेलून जे करावे लागे, ते इथे केवळ वजनाने होते, आणि खाच पाडावी लागत नाही. तमिळनाडूत बसून चढण्याची यंत्रेही निघाली, पण ती जड पडतात.

कोकणात माडावर चढून नारळ पाडणारे पाडेली मिळेनासे झाले, तेव्हा या यंत्राचे महत्त्व वाढले. नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये माडावर चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षण योजना सुरू केली. सहा दिवसांच्या वर्गात यंत्राने चढण्याबरोबर पिकलेला नारळ ओळखणे आणि शेंडा साफ करणे शिकवले जाते आणि चढणाऱ्याचा विमा उतरवला जातो. वर्गांत स्त्रियाही येतात, आणि हा फरक मोठा आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढणे पुरुषांचेच काम मानले गेले होते. महाराष्ट्रात मंडळाचे पालघरला प्रात्यक्षिक क्षेत्र आहे, तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथे 1955 पासूनचे नारळ संशोधन केंद्र आहे.

तरीही यंत्र पायच धरते. हात सुटून धड मागे कलंडले तर त्याला थांबवणारे मूळ रचनेत काही नाही. म्हणून कासरगोडच्या केंद्रीय लागवडपीक संशोधन संस्थेने या यंत्राला जोडायचा सुरक्षा पट्टा तयार केला. तो चढणाऱ्याला खोडाशी स्वतंत्रपणे बांधून ठेवतो. पट्टा लावायला थोडा वेळ जातो, आणि झाडामागे मजुरी घेणाऱ्याला तो वेळ परवडत नाही. त्यामुळे मजुरी ठरवतानाच पट्टा बांधण्याचा वेळ बागायतदाराने धरायला हवा.