घडणीला लागणारा वेळ

संगणकाची कार्यप्रणाली मूळ संहितेपासून घडवावयास एका खेपेस कांहीं मिनिटें लागतात, तर दुसऱ्या खेपेस तेंच काम तासन् तास चालतें. बदल मात्र दोन्ही वेळां एखाददुसऱ्या ओळीचाच असतो. या विसंगतीचें मूळ यंत्राच्या वेगापेक्षां घडणीच्या इतिहासांत अधिक सांपडतें.

१९७३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स ही कार्यप्रणाली सी भाषेंत नव्यानें लिहिली. माणसाला वाचतां येणारी ही संहिता 'कंपायलर' नांवाच्या आज्ञावलीकडून यंत्रभाषेंत उतरवून घ्यावी लागे. फाइली वाढल्या, तशी कोणती फाइल पुन्हां उतरवावयाची याचें स्मरण ठेवणें अवघड झालें. तेथील स्टीव्ह जॉन्सन यांची एक सबंध सकाळ निर्दोष आज्ञावलींतील दोष शोधण्यांत वायां गेली. दोष आधींच दुरुस्त झाला होता. फाइल तेवढी पुन्हां उतरविली नव्हती! हें ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं 'मेक' हें साधन तयार केलें.

मेकचा नियम साधा आहे. मूळ फाइल तिच्या उतरविलेल्या रूपाहून नवी असेल, तरच तें रूप पुन्हां घडवावयाचें. यानें पुष्कळ श्रम वांचले. परंतु शेंकडों फाइली जिचा आधार घेतात, अशी सामाईक 'हेडर' फाइल बदलली, कीं त्या सर्वांचीच घडण पुन्हां करावी लागते. खिडकी बदलणें निराळें आणि पायाचा दगड हलविणें निराळें. कंपायलरच बदलला, तर सारी इमारतच नव्यानें उभारणें आलें. 'जीसीसी' हा कंपायलर तर स्वतःला तीन टप्प्यांत घडवितो, आणि शेवटच्या दोन टप्प्यांचीं फळें ताडून पाहतो.

१९९१ सालीं लिनक्सचा गाभा सुमारें दहा हजार ओळींचा होता; २०२० पर्यंत तो अडीच कोटींच्या पुढें गेला. २०२२ च्या जानेवारींत इंगो मोल्नार यांनीं हेडर-फाइलींचा हा गुंता सोडविण्यासाठीं दोन हजारांहून अधिक दुरुस्त्या मांडल्या. त्यांच्या मोजणीप्रमाणें घडणीचा वेग ५० ते ८० टक्क्यांनीं वाढत होता. नवें यंत्र न घेतां, केवळ परस्परावलंबन कमी करून हा वेळ वांचला.

तात्पर्य, घडणीचा काळ किती ओळी बदलल्या यावर ठरत नाहीं. बदललेल्या ओळीवर किती जण विसंबून आहेत यावर ठरतो. तो काळ टाळण्यासाठीं शिळा भाग तसाच ठेवणें, म्हणजे दुरुस्त झालेला दोष पुन्हां घरांत घेणें होय.