श्वासावाटे औषध : साधनाचा इतिहास आणि शिकवणीचा विसर

दम्यावर श्वासावाटे औषध देण्याची कल्पना सर्वस्वी आधुनिक मानली जाते. प्रत्यक्षात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचा सविस्तर विधी आढळतो. रुग्णाने ताठ बसावे, मुखाने घेतलेला धूर नाकावाटे सोडू नये, कारण त्याने डोळ्यांस अपाय होतो. अकाली व अतिसेवनाने अमुक उपद्रव होतात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. द्रव्याइतकेच महत्त्व ते घेण्याच्या रीतीला होते. पुढील काळात साधन सुधारत गेले, रीत शिकविण्याचे काम मात्र मागे पडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इ. स. १८०२ च्या सुमारास धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचला व कालांतराने 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जाऊ लागल्या. धोतरा विषारी, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते! १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर कंपनीने ठरावीक मात्रा देणारा पहिला दाबयुक्त इनहेलर बाजारात आणला. त्यानंतर १९६०च्या दशकात इंग्लंड व वेल्समध्ये दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः तरुणांचे, एकाएकी वाढले. तीव्र मात्रेच्या आयसोप्रेनालिन फवाऱ्याचा अतिवापर हे त्याचे एक कारण मानले गेले आणि १९६८ मध्ये तेथे चिठ्ठीविना विक्री बंद झाली. नेमक्या कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि साधन हाती देणे म्हणजे उपचार देणे नव्हे, एवढे त्यातून दिसून आले.

भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७०च्या दशकात असे फवारे आणले. लोकांच्या तोंडी त्यांस 'पंप' हे नाव रुळले. पुढे कोरड्या भुकटीच्या कॅप्सूलचे साधनही आले आणि घोटाळा वाढला, कारण दोहोंची रीत परस्परविरुद्ध आहे. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश ओढतानाच दाबावा व सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. भुकटी मात्र जोराने व झपाट्याने ओढावी लागते. स्टिरॉइड असल्यास नंतर चूळ भरावी. कॅप्सूल गिळून टाकणारे रुग्णही आढळतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनास त्याबाबत इशारा द्यावा लागला. १९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांचा २०१६ मध्ये आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ३१ टक्के रुग्णांचीच रीत बिनचूक होती आणि चाळीस वर्षांत तीत सुधारणा झालेली नव्हती.

नांदगाव हा अवर्षणप्रवण तालुका. बाजरीच्या मळणीचा भुसा, चुलीचा धूर, मनमाडच्या गोदामांतील धान्याची धूळ, या साऱ्यांशी दमेकऱ्याची नित्य गाठ. अशा ठिकाणी केवळ छापील पत्रक पुरत नाही. डॉक्टरांनी वा औषधविक्रेत्याने साधन वापरून दाखवावे आणि रुग्णाकडून ते करून घ्यावे, दर भेटीस पुन्हा. ज्यांना श्वास व दाब यांचा मेळ जमत नाही, त्या मुलांना व वृद्धांना स्पेसर द्यावा. तो महाग वाटत असेल, तर दक्षिण आफ्रिकेतील १९९९ चा अभ्यास पाहावा. तेथे अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, तळाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, दमेकरी मुलांसाठी नेहमीच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरली.