एंजिन-नियंत्रक संगणक, पर्यायी

मोटारगाडीच्या उत्पादकाने बसविलेल्या नियंत्रकाऐवजी किंवा त्याच्या जोडीला नंतर बसविलेल्या आणि ज्यातील आकडे वापरणाऱ्याला बदलता येतात अशा संगणकाला पर्यायी एंजिन-नियंत्रक संगणक म्हणतात. एंजिनाला किती इंधन द्यावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची आणि टर्बोभारित एंजिनात हवेचा दाब किती चढू द्यावयाचा, हे तीन मुख्य निर्णय तो घेतो. पूर्वी हे निर्णय धातूच्या भागांत घडविलेले असत; आता ते आकड्यांच्या कोष्टकांत साठविलेले असतात. या आकड्यांवर अधिकार कोणाचा आणि ते चुकल्यास जबाबदारी कोणाची, हा या साधनाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

टर्बोभारण : एंजिनाच्या निष्कास वायूंवर टरबाइन फिरवून तिच्या साहाय्याने आत येणारी हवा दाबण्याच्या युक्तीचे एकस्व स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये मिळविले. जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळता येते व त्याच आकारमानाच्या एंजिनापासून जास्त शक्ती मिळते. तथापि दाबलेली हवा तापते आणि पेट्रोल एंजिनात मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेण्याचा संभव वाढतो. या दोषास ठोका म्हणतात. तो चालू राहिल्यास दट्ट्या वितळतो किंवा फुटतो. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. विक्रीस आलेल्या पहिल्या टर्बोभारित मोटारगाड्या म्हणजे १९६२ मधील ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या होत. जेटफायरमध्ये ठोका टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात सोडण्याची योजना होती. त्याची टाकी वेळोवेळी भरण्याकडे अनेक मालकांनी दुर्लक्ष केले आणि पुष्कळ गाड्यांवरील टर्बोभारक काढून तेथे साधे कार्बोरेटर बसविण्यात आले. बदलत्या दाबाबरोबर इंधन व ठिणगी यांचा मेळ क्षणोक्षणी घालणारी यंत्रणा तेव्हा उपलब्ध नव्हती.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचा उदय : अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीचा इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपक १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या थोड्याशा गाड्यांवर बसविला गेला, परंतु त्या काळचे विद्युत् घटक उष्णता व ओलावा यांपुढे टिकले नाहीत. पुढे त्याच कल्पनेच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक ही पद्धती तयार केली व ती १९६७ मध्ये फोल्क्सवागन १६०० या गाडीवर आली. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमामुळे निष्कासातील प्रदूषकांवर कडक मर्यादा आल्या आणि हवा-इंधन प्रमाण काटेकोर राखणे उत्पादकांना भाग पडले. दरम्यान १९७१ मध्ये सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आला. इंधन व ठिणगी या दोहोंचे अंकीय नियंत्रण एकाच पेटीत करणारी बॉशची मोट्रॉनिक पद्धती १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीवर बसविण्यात आली. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ च्या प्रतिमानांत ठोका ओळखून टर्बोचा दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा दिली. फॉर्म्युला वन शर्यतींत टर्बोभारित गाडीतून जगज्जेतेपद मिळविणारे नेल्सन पिके हे पहिले चालक होत; १९८३ मधील त्यांच्या गाडीच्या बीएमडब्ल्यू एंजिनावरही बॉशचे अंकीय नियंत्रण होते.

पर्यायी संगणकाचा उगम : कार्बोरेटराची तोटी किंवा वितरकाची स्प्रिंग बदलणे कोणाही कुशल कारागिराला जमत असे. आकडे स्मृतिघटकात बंद झाल्यावर हे काम त्याच्या हातून गेले. टर्बोचा दाब वाढविला, तरी मूळ कोष्टकात त्या दाबासाठी ओळच नसे. यावर तीन उपाय निघाले. पहिला, मूळ संगणकातील स्मृतिघटक काढून बदललेल्या आकड्यांचा घटक बसविणे, दुसरा, संवेदक (दाब, तापमान इ. ओळखून त्यांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन) व मूळ संगणक यांच्यामध्ये संकेत फेरफार करणारी जोडपेटी घालणे, आणि तिसरा, मूळ संगणक वगळून पूर्णतः स्वतंत्र संगणक बसविणे. तिसऱ्या मार्गात ऑस्ट्रेलियाने मोठा वाटा उचलला. सिडनीत १९८६ मध्ये हॉलटेक व मेलबर्नमध्ये १९८७ साली मोटेक या कंपन्या स्थापन झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेतील ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट हा संगणक सुट्या भागांच्या संचाच्या रूपात आणला. खरेदीदाराने तो स्वतः डाक लावून जोडावयाचा असे. इंधनाचे त्याचे मूळ कोष्टक आठ ओळी व आठ स्तंभांचे होते आणि त्यातील प्रत्येक आकडा मालकाला पाहता व बदलता येई.

निवड : निवडीचा आरंभ संगणकापासून न करता एंजिनापासून करणे श्रेयस्कर होय. अंतःक्षेपक किती, ठिणगीची वेटोळी किती, झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा आहे काय आणि गतिवर्धकाची झडप तारेने ओढली जाते की विद्युत् चलित्राने, या गोष्टींवर संगणकाला किती निर्गम लागतील हे ठरते. दाब-संवेदकाची मर्यादा टर्बोच्या बाबतीत निर्णायक ठरते. वातावरणाचा दाब सु. १०० किलोपास्काल असतो. मूळ मेगास्क्वर्टचा संवेदक २५० किलोपास्कालपर्यंतचा निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे वातावरणापेक्षा सु. १५० किलोपास्काल अधिक दाब त्याच्या आवाक्यात येतो. दाब त्यापलीकडे गेल्यास हवा वाढत जाते, पण संगणकाला तोच आकडा दिसत राहतो व इंधन कमी पडते.

अंतःक्षेपकही हिशोबाने निवडावे लागतात. टर्बोभारित पेट्रोल एंजिनास दर अश्वशक्तीस ताशी सु. २७० ग्रॅ. इंधन धरल्यास २०० अश्वशक्तीसाठी ताशी ५४ किग्रॅ. लागते. चार अंतःक्षेपकांत विभागल्यावर प्रत्येकी दर मिनिटास सु. ३०५ घ. सेंमी. इंधन येते. अंतःक्षेपक उपलब्ध वेळेच्या ८५ टक्क्यांहून अधिक काळ उघडा ठेवू नये, असा संकेत आहे. म्हणून सु. ३६० घ. सेंमी. क्षमतेचा अंतःक्षेपक निवडावा लागतो. मिनिटास ६,००० फेरे होत असताना दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात. त्यांपैकी १७ मिलिसेकंदांत सर्व इंधन आत गेले पाहिजे.

बसवणी : भुजादंडाची स्थिती संगणकाला दातेरी चाकावरून कळते. ३६ दात्यांच्या अंतराने आखलेल्या चाकावर एक दाता मुद्दाम गाळलेला असतो आणि त्या रिकाम्या जागेवरून मोजणी सुरू होते. येथे एका दात्याची चूक म्हणजे ठिणगीच्या वेळेत १० अंशांची चूक होय. यासाठी संगणकात वेळ एका ठराविक अंशावर स्थिर ठेवून ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने कप्पीवरील खूण प्रत्यक्ष पडताळून पाहतात. संवेदकांच्या तारा ठिणगीच्या तारांपासून दूर नेतात व त्यांचा भूसंपर्क एकाच ठिकाणी जोडतात. अन्यथा विद्युत् गोंगाटामुळे खोटे संकेत येतात. हवेच्या तापमानाचा संवेदक हवा थंड करणाऱ्या शीतकाच्या पुढे बसवितात.

यानंतर कोष्टके भरण्याचे काम येते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४.७ भाग हवा व १ भाग इंधन हे प्रमाण लागते. परंतु टर्बोचा दाब चढल्यावर ज्वलनाचे तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी ते सामान्यतः ११.५ ते १२.५ इतके खाली आणतात. जुन्या अरुंद पल्ल्याच्या ऑक्सिजन संवेदकाला मिश्रण १४.७ च्या कोणत्या बाजूस आहे एवढेच कळते. म्हणून या कामास विस्तृत पल्ल्याचा संवेदक आवश्यक असतो. प्रथम कमी दाबावर व उशिराच्या ठिणगीवर गाडी डायनमोमीटरवर चालवून इंधनाचे आकडे निश्चित करतात. मग ठिणगी थोडी थोडी आधी आणतात व ठोक्याची चाहूल लागताच मागे घेतात. दाब सर्वांत शेवटी वाढवितात. दुसऱ्याच्या गाडीचे कोष्टक जसेच्या तसे उतरविणे घातक ठरू शकते, कारण अंतःक्षेपक, पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक व हवेचे तापमान यांपैकी एकही बाब बदलली की तोच आकडा चुकीचा ठरतो. ठोका, अतिदाब किंवा इंधनाची कमतरता आढळताच एंजिनाची शक्ती तोडणाऱ्या मर्यादाही आरंभीच घातल्या पाहिजेत.

कायदा व जबाबदारी : उत्पादकाने भरलेल्या आकड्यांमागे थंडी, उन्हाळा, उंच प्रदेश व जीर्ण एंजिन अशा अनेक परिस्थितींतील दीर्घ चाचण्या असतात. पर्यायी संगणक बसविणाऱ्याला कोष्टकावरील अधिकार परत मिळतो, पण या चाचण्यांचा आधार सुटतो. शर्यतीच्या मैदानात नुकसान बहुधा त्याच्या एंजिनापुरते मर्यादित राहते. सार्वजनिक रस्त्यावर मात्र निष्कास वायू सर्वांच्या वाट्यास येतात. म्हणून कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणारा पर्यायी भाग रस्त्यावरील गाडीत बसविण्यास तेथील हवा संसाधन मंडळाची सूट लागते. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत चाचणी होऊन गाडीच्या प्रतिमानाला मान्यता मिळते. ती चाचणी मूळ नियंत्रकातील आकड्यांवर झालेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत टप्पा ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर मूळ आकडे बदलण्यास उरलेला वाव आणखी कमी झाला. त्यामुळे पर्यायी संगणकाचे निर्वेध क्षेत्र शर्यत, प्रयोगशाळा व अध्यापन हे राहते. कोणत्या आकड्यामुळे एंजिन चालते व कोणत्या आकड्यामुळे फुटते, हे तेथे विद्यार्थ्याला उघड्या कोष्टकावरून शिकता येते.