लहान चण आणि मोठा गैरसमज

मुलाची उंची वयाच्या मानाने कमी आहे असे अंगणवाडीच्या तक्त्यात दिसले की घरून एक ठरलेले उत्तर येते: आमच्याकडे सगळेच लहान चणीचे, आजोबा तसेच, बापही तसाच. खाण तशी माती. घरापुरते हे बोलणे चालून जाते. पण हेच म्हणणे विद्वानांच्या लेखांतून आणि धोरणाच्या चर्चेतून येऊ लागते, तेव्हा त्याचे वजन वाढते. भारतीय मुले वंशानेच बुटकी आहेत, परदेशी पट्टीने मोजल्यामुळे ती उगाच कुपोषित ठरतात आणि लहान असली तरी ठणठणीत असतात, असा हा सिद्धान्त आहे. तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. पण खोडायचा तर त्याच्या भक्कम रूपातच खोडला पाहिजे, म्हणून आधी पूर्वपक्ष.

या विचाराचे एक मूळ महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी सुमारे दोन दशके सांख्यिकी विभाग सांभाळला. सारे जग प्रथिनांच्या तुटवड्याने झपाटलेले असताना, भारतीय आहारात मुख्य उणीव एकूण अन्नाची आहे आणि पोटभर जेवण मिळाले की प्रथिनांचा प्रश्न बहुतांशी सुटतो, हे त्यांनी आकडेवारीने मांडले. ते खरे होते. पुढे पुण्यात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. माणसाची उष्मांकाची गरज ठाम आकड्यात बसत नाही. ती दिवसागणिक खालीवर होते आणि काही मर्यादेपर्यंत शरीर कमी अन्नातही आपला तोल सांभाळते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मोजणे चूक आहे. डेव्हिड सेक्लर या अर्थशास्त्रज्ञाने त्यापुढे पाऊल टाकले. सुखात्मे यांनी संपादित केलेल्या आणि 1982 मध्ये पुण्यातून निघालेल्या ग्रंथात त्यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली: सौम्य आणि मध्यम कुपोषित म्हणून मोजली जाणारी बहुतेक मुले आजारी नसतात, शरीराने परिस्थितीशी जुळवून घेऊन आकार लहान ठेवलेला असतो, इतकेच.

तीस वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी दुसऱ्या बाजूने हल्ला चढवला. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या 2013 च्या लेखात त्यांनी विचारले की आयुर्मान, बालमृत्यू, मातामृत्यू या साऱ्यांत भारत आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांच्या पुढे आहे, मग खुंटलेल्या, म्हणजे वयाच्या मानाने फार बुटक्या, मुलांचे प्रमाण मात्र भारतात जास्त कसे? केरळातले बालमृत्यू सेनेगलच्या मानाने कितीतरी कमी, तरी केरळातली मुले सेनेगलच्या मुलांपेक्षा बुटकी. याचा अर्थ पट्टीच चुकीची. भारतीय मुलांचा पिंडच वेगळा आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आता पट्टीकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे वाढीचे मानक गोऱ्या मुलांवरून बेतलेले आहे, हा समज मुळातच खोटा. त्यासाठी 1997 ते 2003 या काळात सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार मुले मोजली गेली: ब्राझीलमधले पेलोतास, घानातले अक्रा, नॉर्वेतले ऑस्लो, ओमानमधले मस्कत, अमेरिकेतले डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. मुले निवडताना कसोटी एकच होती, की वाढीच्या आड काही येऊ नये. आईचे दूध मिळावे, आई धूम्रपान करणारी नसावी, घरात चणचण नसावी, औषधपाणी वेळेवर व्हावे. या अटींत दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढले. लांबीत जो फरक आढळला त्यातला सुमारे 70 टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला होता, आणि जागेजागेतला फक्त 3 टक्के. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘परदेशी पट्टी’ हा आक्षेप इथेच संपतो.

आनुवंशिकतेचे काय? उंची आनुवंशिक आहेच. पोटभर खाणाऱ्या समाजात दोन माणसांच्या उंचीतला बहुतेक फरक जनुकांचा असतो. पण एका समाजातल्या आतल्या फरकाचे कारण दोन समाजांमधल्या फरकाला लावता येत नाही. ज्वारीचे एकच मिसळ बियाणे निम्मे काळ्या रानात आणि निम्मे माळावर पेरले, तर प्रत्येक रानात ताटाताटातला फरक बियाण्याचा असेल. दोन रानांतला फरक मात्र जमिनीचा असेल. गेल्या शतकाच्या नोंदी हेच सांगतात. 1896 ते 1996 या काळात जन्मलेल्यांच्या उंचीच्या जागतिक अभ्यासात दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे 20 सेंटिमीटरने वाढलेली दिसली. भारतीय स्त्रियांची वाढ होती जेमतेम 5 सेंटिमीटर. चार पिढ्यांत कोरियाची जनुके बदलली नाहीत. ताट बदलले, पाणी बदलले, आजारपण घटले. ग्वाटेमालातल्या माया लोकांना ‘जन्मतः ठेंगणे’ म्हणत; अमेरिकेत वाढलेली त्यांची मुले मायदेशातल्या मुलांपेक्षा सरासरी 10 सेंटिमीटरहून अधिक उंच भरली.

जनुकांच्या दाव्याला सर्वांत अडचणीचा पुरावा मात्र आपल्याच घराघरांत आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवले की भारतातली पहिली मुले आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांच्या तुलनेत मागे नाहीत. तूट दुसऱ्या मुलापासून दिसू लागते आणि तिसऱ्या, चौथ्या मुलाला वाढत जाते. एकाच आईबापांच्या लेकरांत जनुकांचा वारसा जन्मक्रमाने कमी होत नाही. कमी होतो तो आईच्या अंगातला साठा, तिची विश्रांती, घरातले लक्ष आणि खर्च. त्यातही मुलगा झाला की नाही यावर बरेच ठरते. संशोधक डायन कॉफी यांनी दाखवले की गर्भधारणेच्या तोंडावर भारतात 42 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या होत्या; सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण 16.5 टक्के होते. केरळ आणि सेनेगलचा पेच इथे सुटू लागतो. लसीकरण, दवाखाना, बाळंतपणाची सोय यांनी मरण टळते. वाढ मात्र आईच्या पोटापासून मिळणाऱ्या अन्नावर, स्वच्छतेवर आणि वारंवारच्या जुलाबांवर अवलंबून असते. केरळाने पहिले काम नामी केले. म्हणून दुसरे आपोआप झाले असे ठरत नाही.

उरला ‘लहान पण निरोगी’ हा शब्दप्रयोग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची धुरा वाहिलेल्या डॉ. सी. गोपालन यांनी 1983 मध्येच त्यावर बोट ठेवले: लहान असणे निरोगी, पण गरिबांसाठी, श्रीमंतांसाठी नाही, असेच ना? त्यांचा रोख साफ होता. शरीराने जुळवून घेतले म्हणजे ते फुकटात जुळले असे नाही. त्याची किंमत काम करण्याच्या ताकदीतून आणि पुढच्या पिढीच्या जन्मवजनातून वसूल होते. ग्वाटेमालात 1969 ते 1977 या काळात काही खेड्यांतल्या लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली गेली आणि शेजारच्या खेड्यांत कमी उष्मांकाचे गोड पेय. वयाची पहिली दोन वर्षे ती पेज मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सरासरी 46 टक्के जास्त कमावत होते. ज्या बुटकेपणाला निरुपद्रवी म्हटले गेले, त्याच्यामागे एवढा तोटा दडलेला होता.

ज्या पुण्यातून तो ग्रंथ निघाला, तिथल्याच एका अभ्यासाने या कल्पनेवर आणखी मोठा घाव घातला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची 3.5 किलोची. पण तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव मागे पडले होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. असे दिसायला बारीक पण आतून चरबीचे बाळ पुढे भरपूर उष्मांकांच्या जगात वाढले, की मधुमेह आणि हृदयविकाराकडे झुकते. लहान चण ही अपुऱ्या सामग्रीत केलेली वाटणी असते. शरीर मेंदू वाचवते आणि स्नायूंवर काटकसर करते. याच अभ्यासात बाळाचा आकार आईने घेतलेल्या एकूण उष्मांकांशी जुळला नाही. पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वेळा खाते याच्याशी जुळला.

पूर्वपक्षातले खरे ते मान्य केले पाहिजे. एखादे मूल बुटके आहे म्हणून ते कुपोषित ठरत नाही. निरोगी समाजातही शंभरातली दोन-तीन मुले खुंटलेपणाच्या रेषेखाली येतातच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, पाच वर्षांखालची खुंटलेली मुले महाराष्ट्रात 35.2 टक्के आणि देशात 35.5 टक्के होती. दोन-तीनचे पस्तीस झाले, तर पट्टीवर संशय घेण्याआधी ताटाकडे पाहायला हवे. हेही खरे की आईची उंची एका पिढीत भरून निघत नाही; सुखवस्तू घरातही आजीच्या उपासमारीची खूण नातवाच्या अंगावर दिसू शकते. आणि पट्टी गाठण्याच्या नादात मुलाला नुसते चारत राहणे हा उपाय नाही, हे तर पुण्याच्या अभ्यासानेच सांगितले. म्हणून पाच वर्षांनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे देशी तक्ते वापरले जातात आणि त्यांत जाडपणाची रेषा मुद्दाम खाली ओढलेली आहे.

मग मुलाला लागते तरी काय? पहिले सहा महिने फक्त आईचे दूध पुरते. त्यानंतरच्या दीड वर्षात मुलाची सर्वांत मोठी घसरण होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे 200 किलोकॅलरी हव्यात, वर्षाच्या आत 300, आणि दुसऱ्या वर्षी 550. त्याचे पोट मात्र वजनाच्या दर किलोमागे 30 मिलिलिटर, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात वाटीभर मावते. त्या वाटीत वरणाचे पाणी आणि भाताची पातळ पेज घातली की पोट भरते आणि मूल उपाशी राहते. वरण घोटून घट्ट, वर चमचाभर तूप किंवा तेल, शिजवून कुस्करलेली भाजी, अंडे हेच त्याचे जेवण. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीत एक विशेष गुण असतो: मोडांतल्या विकरामुळे खीर जास्त पीठ घालूनही पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत अधिक अन्न मावते. लोहाचेही तसेच. जन्मतः मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास आटतो आणि आईच्या दुधात लोह थोडेच असते. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात अवघी 11 टक्के निघाली. एवढा आकडा समोर असताना जनुकांकडे बोट दाखवणे धाडसाचेच म्हणायचे.

दुसरी वेळ पौगंडावस्थेची, आणि तिच्याकडे तर तक्तेही फारसे वळत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलीला रोज 2400 किलोकॅलरी लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्या तिच्या आईला 2130. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला 3320 लागतात, मध्यम कष्टाच्या बापाला 2710. घरात सर्वांत जास्त भूक पोराची असते हे आई ओळखते. पोरीची गरजही स्वतःपेक्षा मोठी आहे, हे तिला कुणी सांगितलेले नसते. पाळी सुरू झालेल्या या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. शाळेतला पोषण आहार मात्र आठवीला थांबतो. म्हणजे भूक वाढते त्याच वर्षी सरकारी ताट उचलले जाते, आणि घरातल्या पंगतीत तिची पाळी शेवटी येते. काही वर्षांनी हीच मुलगी कमी वजनाची गरोदर स्त्री म्हणून नोंदवली जाते आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या बाळाच्या उंचीचे खापर घराण्यावर फुटते.

हा वाद केवळ शास्त्राचा नाही. त्यातून धोरण ठरते. वंश हे कारण मानले तर पट्टी खाली आणली की काम झाले. एकाही मुलाच्या ताटात घासभर न वाढता लाखो मुले सुदृढ ठरतील आणि त्या तक्त्यावर पुढच्या वर्षीचा खर्च कापता येईल. ताट, पाणी आणि आईचे शरीर ही कारणे मानली, तर कामे समोर उभी राहतात: आदिवासी भागात गरोदर मातांना रोज चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना हा अपवाद न राहता सर्वत्र नियम व्हावा, सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीकडे लसीइतकेच लक्ष जावे आणि शाळेतले जेवण बारावीपर्यंत चालावे. पट्टीला या कामांची अडचण नाही. अडचण आहे ती कामे टाळू पाहणाऱ्यांना. म्हणून मुलांची उंची वाढवण्याऐवजी पट्टी छोटी करण्याचा प्रस्ताव अधूनमधून पुढे येत राहतो, आणि तो दरवेळी नाकारला गेला पाहिजे.