पेट्रोल पंपाखालची टाकी गंजते कशी? आणि काळ्या मातीत तिला वाचवायचं कसं?

पंपावर गाडी लावली की आपली नजर मीटरच्या शून्यावर असते. पण ज्यातून ते पेट्रोल वर येतं ती टाकी मात्र कुणालाच दिसत नाही. ती फोरकोर्टच्या काँक्रीटखाली असते. हजारो लिटर इंधन पोटात घेऊन ती वीस-पंचवीस वर्षं तिथेच पडून राहते. तिला भोक पडलं तर पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, कधीकधी पहिल्या महिन्यातही कुणाला कळत नाही.

शहरात याची झळ ड्रेनेज आणि तळघरांना बसते. पण वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन घ्या. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर माहीत असलेलं हे गाव. आजूबाजूला सोयाबीन-तुरीची काळी शेती, आणि पिण्यापासून ओलितापर्यंत विहिरी आणि बोअरचा आधार. अशा भागात जमिनीखाली सांडलेलं इंधन थेट पाण्याशी भिडतं. म्हणून टाकी न गंजू देणं हा फक्त पंपमालकाच्या तोट्याचा विषय राहत नाही, तो गावाच्या पाण्याचा होतो.

एका लिटरने काय होतं?

पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचं रसायन असतं. त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. पिण्याच्या पाण्यात मात्र भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम.

आता हिशेब करा. १ लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, म्हणजे साधारण ८,८०० मिलिग्रॅम बेन्झीन. ते सगळं पाण्यात उतरलं तर सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत पोचतं. ६ मीटर व्यासाच्या आणि ५ मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण १ लाख ४० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एका लिटरमागे अशा सहा विहिरी. प्रत्यक्षात काही बेन्झीन उडून जातं, काही मातीत अडकतं. तरी धोक्याचा आकार यावरून लक्षात येतो.

गळती किती छोटी असू शकते तेही बघा. सेकंदाला एक थेंब, आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरच्या वर आणि महिन्याला जवळपास १३० लिटर. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर एवढी तूट बाष्पीभवनात आणि तापमानाच्या फरकात सहज लपून जाते.

गंज म्हणजे नेमकं काय?

जमिनीतलं लोखंड गंजणं ही मुळात विजेची गोष्ट आहे. टाकीचा एक भाग ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीला टेकलेला असतो. दुसऱ्या भागाला थोडी हवा मिळते. या दोन भागांत छोटीशी बॅटरी तयार होते. जिथून वीज धातूतून मातीत निघते तिथलं लोखंड विरघळतं. त्या जागेला ॲनोड म्हणतात. जिथे वीज परत धातूत शिरते तो कॅथोड, आणि तो भाग शाबूत राहतो.

ही वीज अगदी किरकोळ असते, पण ती थांबत नाही. १ अँपिअर वीज वर्षभर वाहिली तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. मोबाइल चार्जरवरच्या बारीक एलईडीला लागतात साधारण काही मिलिअँपिअर. त्यातला फक्त १ मिलिअँपिअर टाकीवरच्या एकाच ओरखड्यातून वर्षभर बाहेर पडला, तर ९ ग्रॅम लोखंड विरघळेल. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात दीड सेंटिमीटरचं भोक पाडायला एवढं पुरतं. म्हणजे बाकीची सगळी टाकी नव्यासारखी असू शकते आणि तरीही ती गळत असू शकते.

काळी माती एवढी वाईट का?

वाशीमची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकावरची. त्या खडकाची झीज होऊन झालेली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर ती कापसाला आणि सोयाबीनला मानवते. पण लोखंडाच्या दृष्टीने तोच तिचा दोष आहे. ओली चिकणमाती विजेला फारशी अडवत नाही, त्यामुळे वर सांगितलेली बॅटरी जोरात चालते. कोरडा मुरूम किंवा वाळू विजेला बरीच जास्त अडवतात.

दुसरं म्हणजे ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या दरवर्षीच्या हालचालीने टाकीवरचा लेप घासला जातो आणि पाइपच्या जोडांवर ताण येतो. भेगांमधून हवा एका ठिकाणी खोल जाते, दुसऱ्या ठिकाणी जात नाही, म्हणजे गंजाला हवा असलेला फरक आपोआप मिळतो.

म्हणूनच खड्डा खोदल्यावर निघालेली काळी माती परत टाकीभोवती टाकणं ही मोठी चूक असते. टाकीच्या चारही बाजूंनी आणि खालीही स्वच्छ, क्षार नसलेली वाळू भरावी लागते. वाळूत काळ्या मातीचं एखादं ढेकूळ पत्र्याला चिकटून राहिलं, तरी नेमक्या त्याच जागी खड्डा पडू शकतो.

पहिली ढाल: लेप

लोखंड आणि माती यांचा संपर्कच तोडायचा, हा सर्वात साधा उपाय. टाकीवर कोल टार किंवा इपॉक्सीचा जाड थर देतात, लोखंडी पाइपवर लेप देऊन वर टेप गुंडाळतात. टाकी खड्ड्यात उतरवायच्या आधी त्या थरावरून जास्त दाबाच्या विजेचा ब्रश फिरवतात. जिथे सुईएवढं छिद्र असेल तिथे ठिणगी उडते. या छिद्राला त्या धंद्यात ‘हॉलिडे’ म्हणतात.

पण लेपात एक गोम आहे. टाकी पूर्ण उघडी असेल तर गंज सगळीकडे पसरतो. लेप चांगला असेल आणि एकच ओरखडा राहिला, तर सगळा मारा त्या ओरखड्यावर होतो. क्रेनच्या साखळीने टाकी उचलली, खाली दगड राहिला, की झालं. त्यामुळे नुसत्या लेपावर भागत नाही.

दुसरी ढाल: दुसऱ्याला झिजू द्या

घरातल्या गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती झिजते आणि गिझरची टाकी वाचते. जमिनीखाली नेमकं हेच करतात. टाकीजवळ मॅग्नेशियम किंवा जस्ताचा तुकडा पुरून तो तारेने टाकीला जोडतात. हे धातू लोखंडापेक्षा लवकर विरघळतात. वीज त्यांच्यातून मातीत जाते, मातीतून टाकीत शिरते, आणि अख्खी टाकी कॅथोड होते. म्हणून या पद्धतीचं नाव कॅथोडिक प्रोटेक्शन.

ही कल्पना २०० वर्षं जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांखालचा तांब्याचा पत्रा वाचवायला त्याला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं विरघळायचं थांबलं. पण विरघळणाऱ्या तांब्यामुळेच शंख-शिंपले दूर राहत होते. आता ते जहाजाला चिकटू लागले, जहाजं मंदावली, आणि नौदलाने तो नाद सोडला. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून यांनी गॅसच्या पाइपलाइनवर हे तंत्र यशस्वी केलं. त्यांनी सुचवलेला उणे ०.८५ व्होल्टचा आकडा आजही जगभर वापरला जातो.

लांब पाइपलाइन आणि मोठ्या डेपोंना एवढ्याशा तुकड्यांची वीज पुरत नाही. तिथे बाहेरून यंत्राने डीसी वीज मातीत सोडतात. याचं जवळचं उदाहरण वाशीम जिल्ह्यातच आहे. समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलची मुंबई-नागपूर गॅस पाइपलाइन गेलेली आहे. अशा पोलादी पाइपलाइनना लेप आणि कॅथोडिक प्रोटेक्शन दोन्ही असतं. ठरावीक अंतरावर जमिनीतून वर आलेले खांब दिसतात, त्यांतल्या काहींमध्ये पाइपला जोडलेली तार असते. तिथे मीटर लावून पाइप सुरक्षित आहे का ते तपासतात.

मोजलं नाही तर संरक्षण नाही

नेमकी इथेच गडबड होते. ॲनोड पुरला, बिल झालं, काम संपलं, असं समजलं जातं. पण ॲनोड झिजण्यासाठीच असतो. तो संपला किंवा तार तुटली, तर वरून काहीच कळत नाही.

तपासणी तशी सोपी आहे. एक मल्टिमीटर आणि मातीवर ठेवायचा तांबं-मोरचुदाचा संदर्भ इलेक्ट्रोड लागतो. टाकी आणि माती यांच्यातलं व्होल्टेज उणे ०.८५ किंवा त्याहून अधिक उणे आलं, तर टाकी सुरक्षित मानतात. उघडं लोखंड साधारण उणे ०.५ ते ०.७ दाखवतं. अमेरिकेत ही तपासणी टाकी बसवल्यावर ६ महिन्यांत आणि पुढे दर ३ वर्षांनी सक्तीची आहे. बाहेरून वीज देणारं यंत्र असेल तर ते दर ६० दिवसांनी बघावं लागतं.

अमेरिकेला ही शिस्त ठेच लागून आली. १९८३ मध्ये गळक्या टाक्यांचा विषय तिथल्या टीव्हीवर गाजला, १९८४ मध्ये कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. तोवर उशीर झालेला होता. तिथे आजवर नोंदल्या गेलेल्या गळत्यांचा आकडा ५ लाखांच्या वर आहे.

आपल्याकडे कोण बघतं?

पंपाच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या संस्थेचं मुख्यालय विदर्भातच, नागपुरात आहे. तिचं नाव पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन, म्हणजेच पेसो. १८९८ पासून चालत आलेल्या स्फोटके विभागाचं हे आजचं रूप. पेट्रोलियम नियम २००२ नुसार टाक्यांचं गंजापासून संरक्षण करणं आणि वापराआधी त्यांची चाचणी घेणं अपेक्षित आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, १० किंवा अधिक खाटांची रुग्णालयं आणि निवासी भाग यांच्यापासून ५० मीटर अंतर ही त्यातली सर्वात माहीत असलेली अट.

नव्या पंपांवर लोखंडी पाइपऐवजी दुपदरी प्लास्टिकचे लवचीक पाइप येऊ लागले आहेत. ते गंजत नाहीत आणि आतला पदर फुटला तर इंधन बाहेरच्या पदरात अडकतं. पण जोड, वाल्व आणि पंपाचे भाग धातूचेच असतात. ते ज्या चेंबरमध्ये असतात तिथे पावसाचं पाणी साठू दिलं, तर गंज तिथून सुरू होतो.

आतून येणारा गंज

बाहेरची बाजू सांभाळली तरी आत पाणी शिरतं. ते पेट्रोल-डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. डिझेलच्या टाकीत पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर जिवाणू वाढतात, त्यातून आम्ल तयार होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये ४२ डिझेल टाक्या तपासल्या, तर ८३ टक्के टाक्यांत मध्यम ते तीव्र गंज सापडला. बहुतेक मालकांना त्याची कल्पनाही नव्हती.

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने हा प्रश्न वाढवला आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. म्हणून भरण्याच्या तोंडाचं झाकण घट्ट असणं आणि पावसाळ्यात डिपच्या काठीला पेस्ट लावून रोज पाणी तपासणं महत्त्वाचं. त्या काठीचं टोक रोज एकाच जागी आपटतं, म्हणून तिथे तळाला जादा पट्टी जोडलेली असते.

गावकऱ्यांनी काय बघायचं?

बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून वाहतं. त्यामुळे पंपाशेजारची विहीर चांगली आणि दूरची खराब, असंही होऊ शकतं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला पेट्रोल-रॉकेलसारखा वास येत असेल तर ते पाणी पिऊ नका. उकळल्याने काम भागत नाही, उलट वाफ धोक्याची. विहिरीजवळ काडी ओढू नका, मोटार सुरू करू नका, आत उतरू नका.

पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर काठीने हलवून बघा. तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा थर असतो. तुकडे परत जुळून आले तर तेलाची शंका घ्या. ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. वास कुठून येतो हे सिद्ध होईपर्यंत कुणा एका पंपाला दोष देऊ नका. जुनं गॅरेज किंवा शेतात ठेवलेलं डिझेलचं पिंपही कारण असू शकतं.

आणि गावाजवळ नवा पंप येत असेल, तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारता येतात. टाकीभोवती काय भरणार? संरक्षण लेपाचं आहे, ॲनोडचं की दोन्ही? आणि व्होल्टेजची नोंद कोण, किती वर्षांनी करणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं खड्डा बुजवायच्या आधीच बघून घेता येतात. तिसऱ्याचं उत्तर मात्र पंप चालू असेपर्यंत विचारत राहावं लागतं.