वणाला वळसा घालणारी शल्यविद्या : पेरोनी विकाराच्या उपचारांचा इतिहास

इ.स. १७४३ मध्ये पॅरिसच्या शाही शल्यचिकित्सा अकादमीने आपल्या प्रबंधसंग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात फ्रान्स्वा जिगो द ला पेरोनी या शल्यचिकित्सकाचा एक निबंध होता. वीर्याच्या नैसर्गिक स्खलनात येणारे अडथळे हा त्याचा विषय. त्यात त्याने अशा पुरुषांची हकीकत दिली होती, ज्यांच्या शिश्नात जपमाळेच्या मण्यांसारख्या कठीण गाठी हाताला लागत आणि ताठरतेच्या वेळी ते अवयव एका बाजूस वाकत असे. ला पेरोनी त्या वेळी पासष्ट वर्षांचा होता, पंधराव्या लुईचा प्रमुख शल्यचिकित्सक होता आणि १७३१ साली स्थापन झालेल्या त्या अकादमीच्या संस्थापकांपैकी एक होता. त्याच १७४३ साली फ्रान्समध्ये राजाज्ञेने शल्यचिकित्सकांचा व्यवसाय न्हाव्यांच्या व्यवसायापासून अधिकृतपणे वेगळा करण्यात आला. त्यामागेही त्याचेच प्रयत्न होते.

या निबंधामुळे विकाराला त्याचे नाव मिळाले. विकार मात्र त्याच्या आधीचा आहे. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोपिओ याच्या लेखनात त्याचा उल्लेख आढळतो. आपल्याकडे प्रत्येक आधुनिक निदानाचे मूळ प्राचीन ग्रंथात शोधण्याची हौस मोठी असल्याने येथेच एक गोष्ट नोंदवून ठेवावी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शूकदोषांचे प्रकरण आहे. लिंगवृद्धीसाठी केलेल्या लेपांमुळे उद्भवणाऱ्या अठरा विकारांचे वर्णन त्यात येते आणि त्यांत कठीण पिटिकांचाही समावेश आहे. परंतु तेवढ्यावरून सुश्रुताने पेरोनीचा विकार ओळखला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या प्रकरणाचे खरे महत्त्व निराळे आहे: असल्या लेपांनी अपाय होतो, हे तेथे स्पष्टपणे सांगितले आहे. तो इशारा आजही जुना झालेला नाही.

ला पेरोनीचा स्वतःचा उपचार कोणता? पिरेनीज पर्वतातील बारेज येथील गरम झऱ्यांचे पाणी. निरीक्षण अचूक आणि उपाय निष्फळ, असा हा प्रारंभ. पुढील दोन शतके फारसे वेगळे घडले नाही.

विकाराची यंत्रणा समजली की पुढचा सारा इतिहास उलगडतो. शिश्नाच्या आत स्पंजासारख्या दोन दंडगोलाकार नळ्या असतात. त्यांच्याभोवती ‘ट्युनिका अल्बुजिनिया’ नावाचे चिवट, पण ताणले जाणारे आवरण असते. संभोगाच्या वेळी या आवरणाला बारीकसारीक दुखापती होतात. बहुतेकांच्या बाबतीत त्या विनासायास भरून येतात. ज्यांच्या शरीराची तशी प्रवृत्ती असते त्यांच्या बाबतीत मात्र तेथे कोलॅजेनचा कठीण वण तयार होतो आणि तो ताणला जात नाही. फुग्याच्या एका बाजूस चिकटपट्टी लावून तो फुगवावा, म्हणजे तो पट्टीच्या दिशेने वाकतो. नेमके तेच येथे होते. तळहातातील पडदा आखडून बोटे वळणारा ड्युपीट्रेनचा विकार या रुग्णांत अधिक आढळतो, कारण दोन्हींच्या मुळाशी तंतुमय ऊतकाची तीच बेशिस्त वाढ आहे.

हा विकार दुर्मीळ समजला जातो, तो न बोलल्यामुळे. जर्मनीत कोलोन येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३.२ टक्के पुरुषांत त्याची लक्षणे आढळली. मधुमेहाशी त्याचा संबंध सुस्थापित आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तर हा विषय केवळ पाश्चात्त्य ग्रंथांतला राहत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वणावर सरळ हल्ला करण्याचीच दिशा होती. पारा देऊन झाला, क्ष-किरण देऊन झाले. १९४९ साली ई जीवनसत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि ते स्वस्त व निरुपद्रवी असल्याने दशकानुदशके लिहून दिले गेले. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते देऊ नये असे स्पष्ट म्हटले. किरणोपचारही नाकारला. ध्वनिलहरींचे आघात देणाऱ्या यंत्राने वेदना कमी होऊ शकते, वाक कमी होत नाही, असाही निर्वाळा तेथेच दिला गेला.

निरुपयोगी उपचार इतकी वर्षे कसे टिकले, याचे उत्तर विकाराच्या नैसर्गिक वाटचालीत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणताही उपचार न घेतलेल्या २४६ पुरुषांचे निरीक्षण केले गेले. १२ टक्क्यांचा वाक आपोआप कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला, ४८ टक्क्यांचा वाढला. वेदना मात्र बहुतेकांच्या काळाबरोबर ओसरल्या. म्हणजे कोणतीही पुडी दिली तरी वेदना जाणार आणि आठांपैकी एकाचा वाक कमी होणार. त्या एकाच्या तोंडून पुडीची कीर्ती गावभर होणार. उरलेले सात बोलत नाहीत.

शल्यक्रियेची सुरुवातही वण कापून काढण्यापासूनच झाली. न्यू यॉर्कच्या ओसवल्ड लोव्स्ली याने वण कापून त्या जागी चरबीचा तुकडा बसवण्याची पद्धत अवलंबिली आणि १९५० साली तिचे अनुभव प्रसिद्ध केले. अडचण अशी की वण कापला की आवरणात मोठे भगदाड पडते, आणि भगदाड बुजवायला वापरलेले ऊतक आकसले की वाक परत येतो. शिवाय ताठरता टिकण्यासाठी रक्त आत अडकून राहावे लागते. आवरणाला जितकी अधिक छेडछाड, तितका हा बंदिस्तपणा बिघडण्याचा धोका अधिक.

कलाटणी मिळाली ती वेगळ्याच रुग्णांमुळे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रीड नेस्बिट याने १९६५ साली जन्मतःच वक्रता असलेल्या तीन रुग्णांवरील शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लिहिला. त्याने आखूड बाजू लांब करण्याचा खटाटोप सोडला आणि लांब बाजू आखूड केली. वाकाच्या विरुद्ध अंगाला आवरणाचा लंबगोल तुकडा काढून कडा शिवल्या की दोन्ही बाजू सारख्या होतात. लंडनच्या जॉन प्रायर आणि फिट्झपॅट्रिक यांनी १९७९ साली हीच युक्ती पेरोनीच्या विकाराला लावली. वण जागच्या जागी राहिला. त्याला कोणी हातही लावला नाही, तरी अवयव सरळ झाले. प्रायर यांच्या गटाने १९९५ साली सोळा वर्षांतील ३५९ रुग्णांचा आढावा दिला, तेव्हा सुमारे ८२ टक्क्यांच्या बाबतीत निष्पत्ती चांगली असल्याचे दिसले.

पुढे तुकडा काढणेही अनावश्यक ठरले. शिंपी कापड न कापता चुण घालतो, तसे न विरघळणाऱ्या धाग्याचे टाके घालून लांब बाजू आवळण्याची पद्धत १९८५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम ल्यू यांच्या गटाने २००२ साली तिचे सोळा बिंदूंचे सुटसुटीत रूप मांडले.

या साऱ्यामागे एक छोटी, पण निर्णायक क्लृप्ती होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर शिथिल अवस्थेत वाक दिसतच नाही, मग टाका कोठे घालायचा? गिट्स आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९७४ साली बुडाशी पट्टी आवळून आत सलाइन सोडण्याची आणि कृत्रिम ताठरता आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शल्यचिकित्सकाला आपले काम प्रत्यक्ष तपासता येऊ लागले, ते तेव्हापासून. १९८२ साली पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी पॅपाव्हरिनच्या इंजेक्शनाचा परिणाम दाखवला आणि पुढच्याच वर्षी लास व्हेगासच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला असेच इंजेक्शन टोचून घेऊन त्याचा परिणाम थेट श्रोत्यांसमोर सादर केला. त्या व्याख्यानाची आठवण आजही हसत काढली जाते. परंतु आज बाह्यरुग्ण विभागात इंजेक्शन देऊन कोनमापकाने वाकाचा नेमका अंश मोजला जातो, तो त्याच ज्ञानाच्या बळावर.

चुणीची पद्धत सर्वांना चालत नाही. वाक साधारण ६० अंशांहून अधिक असेल, किंवा मध्येच डमरूसारखी खाच पडली असेल, तर लांब बाजू आखूड करण्यात फार लांबी जाते. अशा वेळी वणावर छेद देऊन तो मोकळा करायचा आणि उघड्या जागेत रोपण बसवायचे. हॉर्टन आणि डिव्हाइन यांनी १९७० च्या दशकात अंतस्त्वचा वापरली, ल्यू यांनी पायाची शीर वापरली, अलीकडे तोंडाच्या आतील नाजूक अस्तरही वापरले जाते. येथेही वण समूळ काढण्यापेक्षा त्याला केवळ छेद देण्याकडेच कल वळला.

वण वितळवण्याचा एकच प्रयत्न कसोटीला थोडाफार उतरला. एका जीवाणूपासून मिळणारे कोलॅजिनेज हे विकर कॅलिफोर्नियाच्या मार्टिन गेल्बार्ड यांनी १९८० च्या दशकात वणात टोचून पाहिले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्के कमी झाला. मात्र ज्यांना निव्वळ निष्क्रिय द्रव टोचला होता त्यांचाही १८ टक्के कमी झाला.

म्हणूनच शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या पुरुषाला पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा. विकार सुरू होऊन साधारण वर्ष उलटावे आणि वाक तीन ते सहा महिने स्थिर असावा, तोवर चाकू उचलायचा नाही. नाहीतर सरळ केलेला अवयव पुन्हा वाकतो. हा प्रतीक्षेचा काळ रुग्णाला सर्वांत जड जातो. २००८ च्या एका अभ्यासात या विकाराच्या ४८ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळली, आणि निदानाला बराच काळ लोटला तरी ती ओसरत नव्हती. पत्नीशी बोलणे तुटते, आणि चारचौघांत तर या दुखण्याला नावच नसते.

शस्त्रक्रिया स्वतः फार मोठी नाही. बहुधा सुंतेच्या रेषेवर छेद देऊन त्वचा मागे सारली जाते, काम होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. त्यानंतरचे आठवडे संयमाची परीक्षा पाहतात. सूज येते, त्वचा काळीनिळी पडते. झोपेत आपोआप येणारी ताठरता टाक्यांवर ताण देते आणि रुग्ण पहाटे कळवळून जागा होतो. ते भयप्रद असले तरी रक्तपुरवठा शाबूत असल्याचे चिन्ह असते. संभोग साधारण सहा आठवडे वर्ज्य असतो. टोकाशी बधिरपणा काही महिने राहू शकतो. चुणीचे टाके काहींना त्वचेखाली बोटाला लागत राहतात. रोपण केलेल्यांत ताठरता कमी होण्याचा धोका अधिक, म्हणून त्यांना पुढे हलका मसाज, ताण देणारे उपकरण आणि कधी गोळ्या असा कार्यक्रम दिला जातो.

आणि लांबी. शस्त्रक्रियेनंतरच्या नाराजीचे मूळ बहुतेकदा येथे असते. विकारानेच लांबी घटलेली असते, चुणीने आणखी थोडी घटते. शस्त्रक्रियेने अवयव सरळ होतो, तो पूर्वीसारखा होत नाही. हे वाक्य आधी ऐकलेला रुग्ण आणि नंतर ऐकलेला रुग्ण, दोघांवरची शस्त्रक्रिया एकच असली तरी बरे होणे एकसारखे नसते.

ज्यांची ताठरताच औषधांना दाद देत नाही, त्यांच्यासाठी कृत्रिम दंड बसवून त्यावर अवयव सरळ करण्याचा मार्ग आहे. ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी फुगवता येणारे साधन १९७३ साली मांडले, आणि दोनच वर्षांत मायामीच्या स्मॉल व कॅरियन यांनी लवचीक सिलिकॉनचे साधे दंड आणले. फुगवणारे परदेशी साधन बहुसंख्य भारतीयांच्या ऐपतीबाहेरचे. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी कमी किमतीचे भारतीय सिलिकॉन दंड तयार केले. जाडी रुग्णागणिक जुळवता यावी म्हणून त्यांवर काढता येणारे वेष्टन ठेवले.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ या शब्दाखाली दूरध्वनी क्रमांक रंगवलेले दिसतात. वर्षभर थांबण्याचा सल्ला मिळालेला माणूस त्याच गाडीने रोज कामावर जातो आणि त्याच भिंती वाचतो. मूत्ररोगतज्ज्ञाच्या दारावर ‘गुप्त’ असे काही लिहिलेले नसते. तेथे तपासणी साध्या बोटांनी, सोनोग्राफीने आणि कोनमापकाने होते, आणि कागदावर वाकाचा अंश आकड्यात लिहिला जातो: ३५, ५०, ७०. कोणता मार्ग घ्यायचा, हे त्या आकड्यापासून ठरू लागते.